हिरड्याच्या अर्काचा आयसी-५० एकदा २४ आणि एकदा ८, मग चुकलं काय?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हिरड्यावर, अर्क मिथेनॉलमधला. कॉलेजात क्युव्हेटमध्ये (मशीनच्या छोट्या चौकोनी नळीत) डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची टेस्ट केली तेव्हा आयसी-५० (अर्धं डीपीपीएच विझवायला लागणारं प्रमाण, जितकं कमी तितका नमुना प्रभावी) आला २४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, मग दुसऱ्या लॅबमध्ये ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर केलं तर आला ८. गाइड म्हणाले कुठलं तरी एक चुकलंय, सगळं परत कर. शिवाय बाहेरून जीसी-एमएस (नमुन्याची वाफ करून त्यातले घटक ओळखायची तपासणी) करून आणलंय, त्यात तीसच्या वर नावं आहेत आणि 'रासायनिक घटक' या चॅप्टरमध्ये ती तशीच उतरवायची का, असं विचारलंय.

परत करू नकोस. निदान आत्ता तरी नको, सबमिशनला दोन महिने राहिलेत म्हणतेस. आधी वही काढ.

तू प्रश्नात एक गोष्ट सहज लिहून गेलीस, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. तुलनेला शेजारी चालवलेल्या व्हिटॅमिन सी चा (म्हणजेच एस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा) आकडा पहिल्यांदा १३.५ आला आणि दुसऱ्यांदा ४.५. आता बघ, हिरडा तिपटीने खाली आला आणि व्हिटॅमिन सी पण बरोब्बर तिपटीनेच खाली आलं. हिरडा जुना होईल, ओला होईल, बुरशी धरेल, सगळं मान्य, पण बाटलीतलं एस्कॉर्बिक अ‍ॅसिड महिन्याभरात तिप्पट ताकदवान झालं असं कसं होईल? माल तोच आहे, काटा बदललाय.

काटा कसा बदलला ते हिशेबाने दाखवते, कारण हा हिशेब कोणी शिकवत नाही आणि मी स्वतः पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी शिकले, तोवर दोन पोस्टर छापून झाले होते. डीपीपीएच म्हणजे बाटलीत टिकून राहणारा एक जांभळा रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू), विझला की त्याचा रंग जातो, आणि एस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा एक रेणू साधारण दोन डीपीपीएच विझवतो. कॉलेजात तू १ मिली नमुना आणि ३ मिली ०.१ मिलीमोलर डीपीपीएच घेतलंस, म्हणजे मिसळल्यावर डीपीपीएच राहिलं ०.०७५ मिलीमोलर. त्यातलं अर्धं विझवायचं तर ०.०३७५, त्याला एस्कॉर्बिक लागेल याच्या अर्धं म्हणजे ०.०१८७५ मिलीमोलर, गुणिले १७६ (एस्कॉर्बिकचं रेणूवजन) केलं की ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हे झालं मिश्रणातलं. पण तू आकडा लिहिलास नमुन्याच्या टेस्टट्यूबमधला, जो मिसळण्याआधी चौपट होता, म्हणून १३.२. तुला १३.५ आला, म्हणजे तुझा हात चांगला आहे. आता प्लेटवर १०० मायक्रोलिटर नमुना आणि १०० मायक्रोलिटर डीपीपीएच, मिसळल्यावर डीपीपीएच ०.०५, एस्कॉर्बिक लागणार २.२, नमुन्याच्या ट्यूबमध्ये दुप्पट म्हणजे ४.४. तुला ४.५ आला. दोन्ही वेळा तू बरोबरच केलंयस गं! गाइडना हा हिशेब एका कागदावर लिहून दाखव, ते ऐकतील.

आणि समजा तिसऱ्या कोणी ०.१ मिली नमुन्यावर ३ मिली डीपीपीएच ओतलं, ही पण पद्धत छापील पेपरमध्ये सर्रास दिसते, तर त्याच व्हिटॅमिन सी चा ट्यूबमधला आकडा १३२ येईल. म्हणजे ४.४, १३.२ आणि १३२, तिन्ही खरे, तिन्ही एकाच पावडरीचे. मग लोक आपल्या वनस्पतीचा आकडा कुठल्या तरी दुसऱ्या पेपरमधल्या आकड्याशेजारी ठेवून 'आमची वनस्पती अमक्यापेक्षा पाचपट प्रभावी' लिहितात, तेव्हा ते बहुतेक वेळा पिपेटची तुलना करत असतात.

मग लिहायचं काय? मिश्रणातलं शेवटचं प्रमाण लिही (तुझ्या बाबतीत हिरड्याचं ६ आणि ४ होईल), डीपीपीएच मिश्रणात किती होतं ते लिही, आणि हिरडा व्हिटॅमिन सी च्या किती पट लागला ते लिही. २४ भागिले १३.५ म्हणजे १.८, आणि ८ भागिले ४.५ म्हणजे पण १.८. दोन लॅब, दोन मशीन, आणि गुणोत्तर तेच, यापेक्षा सुंदर टेबल एमएस्सीच्या थिसिसमध्ये मी क्वचित बघितलंय आणि तू ते फेकून द्यायला निघालीस.

याच हिशेबाने स्वतःला पकडता पण येतं. मिश्रणात ०.१ मिलीमोलर डीपीपीएच असताना व्हिटॅमिन सी चा मिश्रणातला आकडा ४.४ च्या आसपास हवा. २० आला तर व्हिटॅमिन सी चं द्रावण शिळं आहे, ते हवेत आपोआप ऑक्सिडाइज होतं, सकाळी केलेलं दुपारी वापरायचं नाही. ०.५ आला तर कुठेतरी दहाने उगीच भागलं गेलंय किंवा डीपीपीएच मेलेलं आहे. डीपीपीएच जिवंत आहे का ते बघायला ३.९४ मिलिग्रॅम १०० मिली मिथेनॉलमध्ये घे, ५१७ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला तो आकडा) १.१ ते १.२ च्या दरम्यान यायला पाहिजे, बराच कमी आला तर नवीन कर आणि बाटलीला फॉइल गुंडाळ. प्लेटवर हा आकडा कमीच दिसणार, कारण २०० मायक्रोलिटरची उंची एक सेंटीमीटर भरत नाही, त्याला घाबरायचं नाही. मात्र प्लेटवरचं मिथेनॉल उडून जातं, विशेषतः कडेच्या वेलमधलं, आणि अर्धा तास झाकण न लावता प्लेट पंख्याखाली ठेवणारे लोक मी बघितलेत.

अर्ध्या तासावरून आठवलं. व्हिटॅमिन सी चं काम मिनिटभरात उरकतं, टॅनिनचं (हिरड्यातल्या तुरट घटकांचं) नाही, ते हळूहळू विझवत बसतं. म्हणून एकदा तरी दर पाच मिनिटांनी तासभर रीडिंग घेऊन ग्राफ काढ, ३० मिनिटांना रेष सपाट झालेली नसेल तर तसं प्रामाणिकपणे लिही. आणि अर्काचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग वजा करायला डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल घातलेला ब्लँक प्रत्येक प्रमाणाला वेगळा लागतो. हा ब्लँक विसरला की गडद अर्क उगीचच कमी प्रभावी दिसतो.

एक गंमत सांगते, गंमत म्हणजे तेव्हा रडू आलं होतं. जुलै महिना, पुण्यातला पाऊस, मी रोटाव्हेपरवरून (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावरून) काढलेला हिरड्याचा अर्क वजन करतेय आणि बॅलन्सवरचा आकडा स्थिरच होईना, १०.२, १०.३, १०.५, चढतच चाललाय. मला वाटलं बॅलन्स बिघडला, मेकॅनिकला फोन पण केला. बॅलन्स ठणठणीत होता, अर्क समोर बसून हवेतलं पाणी पीत होता. हिरड्याचा सुका अर्क म्हणजे गुळाच्या ढेपेसारखा, हवा लागली की चिकट होतो. त्या महिन्यात मी जे १० मिलिग्रॅम म्हणून घेतलं त्यात अर्क किती आणि पाणी किती देव जाणे. तेव्हापासून डेसिकेटरमधून (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढायचा, लगेच तोलायचा, एकदम मोठं वजन घेऊन स्टॉक करायचा आणि पातळ करत जायचं, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी थोडा अर्क १०५ अंशावर वाळवून ओलावा काढायचा. तुझे आकडे पुढच्या बॅचला हलले तर पहिला संशय इथे घे.

आता अर्काच्या घटकांकडे. हिरडा म्हणजे टॅनिनचं गाठोडं, आणि ते सुद्धा पाण्याने, उष्णतेने फुटणारं टॅनिन. चेब्युलॅजिक अ‍ॅसिड, चेब्युलिनिक अ‍ॅसिड हे मोठे रेणू, वजन ९५४ आणि ९५६, ते फुटले की गॅलिक, एलॅजिक वगैरे छोटे तुकडे सुटतात. म्हणजे तू अर्क कसा काढलास यावर आत काय सापडणार ते ठरतं. सॉक्सलेटला (सॉल्व्हंट उकळवून फिरवत अर्क काढणाऱ्या उपकरणाला) आठ-आठ तास लावलास तर खालच्या फ्लास्कमध्ये अर्क सतत उकळत असतो, गॅलिक वाढतं, आणि मिथेनॉल असल्यामुळे थोडं मिथाइल गॅलेट पण तयार होऊ शकतं जे फळात त्या प्रमाणात नव्हतंच. मग एचपीएलसीवाला (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारा) ते दाखवतो आणि आपण 'नवीन घटक' म्हणून खूश. मी आता हिरड्याला सॉक्सलेट लावतच नाही, भरडून, थंड, ७० टक्के मिथेनॉलमध्ये रात्रभर शेकरवर, आणि रोटाव्हेपरचं पाणी ४० अंशाच्या वर नाही. काढा करायचा असेल तर तो वेगळा नमुना म्हणून कर, कारण लोक घेतात तो काढाच, आणि तो उकळलेलाच असतो, त्यामुळे त्याचं विश्लेषण केलं तर उलट उपयोगी. अर्काच्या बाटलीच्या तळाला काही दिवसांनी फिकट पिवळी भुकटी बसते ती बहुधा एलॅजिक असते, घाण म्हणून गाळून टाकू नकोस.

फळ कुठलं घेतलंस तेही लिही. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आत झाडावरून उतरवून वाळवलेला काळा छोटा, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून आदिवासी कुटुंबं जो गोळा करतात तो, आणि सुरवारी हिरडा म्हणजे पिकलेला मोठा पिवळट, यांची रसायनं एक नाहीत. पिकलेल्यात आतली कठीण बी काढून वरची सालच घ्यायची असते, बी सकट दळलं की वजन वाढतं, अर्क कमी आणि आकडा पातळ.

साध्या टेस्ट एका पानात उरकून टाक. फेरिक क्लोराइड टाकलं की निळसर काळं होतं, हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग करतात तीच रिअ‍ॅक्शन, जिलेटिनने साका येतो, फेस, अल्कलॉइडच्या टेस्ट, झालं. त्याच्यावर दहा पानं लिहू नकोस आणि 'अधिक', 'अधिक अधिक' असल्या खुणांवरून प्रमाण किती ते सांगायला जाऊ नकोस.

फोलिनची टेस्ट केलीच असशील. नाव 'टोटल फिनॉल' असलं तरी ती फिनॉल ओळखत नाही, जो इलेक्ट्रॉन देईल त्याला मोजते, व्हिटॅमिन सी, काही साखरा, प्रोटीन सगळं त्यात आलं, लॉरीच्या पद्धतीने प्रोटीन मोजतात ते याच रिएजंटने. रिएजंट पिवळा असायला हवा, हिरवट दिसला तर बाटली बाजूला ठेव, आमच्याकडे एका बॅचला सगळ्या मुलांनी हिरवी बाटली वापरली आणि ब्लँकच निळा. ७६५ नॅनोमीटर, गॅलिक अ‍ॅसिडचा कर्व्ह त्याच दिवशीचा. आणि आकडा कशाच्या एका ग्रॅमला ते स्पष्ट लिही. समजा अर्कात ४०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आलं आणि चूर्णातून अर्क निघाला ४५ टक्के, तर चूर्णाच्या हिशेबाने ते १८० झालं. एकच हिरडा, आणि लोक ४०० ची तुलना दुसऱ्याच्या १८० शी करतात.

मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं, की फोलिन आणि डीपीपीएच यांच्यात ०.९५ कोरिलेशन मिळालं, म्हणून फिनॉलमुळेच अँटिऑक्सिडंट गुण. अगं, दोन्ही टेस्ट मुळात एकच गोष्ट मोजतायत, कोण किती सहज इलेक्ट्रॉन देतो. एकाच माणसाला दोन तराजूंवर उभं केलं आणि वजन जुळलं तर त्यात शोध काय लागला? फ्रॅप नावाची टेस्ट पण त्याच कुळातली. एबीटीएस नावाची टेस्ट थोडं वेगळं बघते, पाण्यात चालते, ७३४ नॅनोमीटरला असल्यामुळे अर्काचा पिवळा रंग मध्ये येत नाही, म्हणून दुसरी टेस्ट करायची असेल तर मी एबीटीएस म्हणेन. ७ मिलीमोलर एबीटीएस, २.४५ मिलीमोलर पोटॅशियम परसल्फेट, अंधारात १२ ते १६ तास, मग अ‍ॅब्सॉर्बन्स ०.७० येईपर्यंत पातळ करायचं. आदल्या संध्याकाळी करून ठेवायचं, हे मुलं हमखास विसरतात आणि सकाळी रिकाम्या हाताने येतात.

अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने फ्लेव्होनॉइड काढलेत का ते लिहिलं नाहीस. काढले असलेस तर क्वेर्सेटिनचा ४१५ चा कर्व्ह आणि सोडियम नायट्राइटवाली ५१० ची पद्धत यांची भेसळ करू नकोस, दोन्ही वेगवेगळ्या जातीचे रेणू मोजतात, आणि हिरड्यात ही टेस्ट तशीही फार बोलत नाही.

आता जीसी-एमएस. इथे जरा कडक बोलते, राग मानू नकोस, तुझी चूक नाही, सगळ्यांकडून हे करून घेतात.

जीसी मध्ये जे वाफ होऊन उडतं तेच जातं. इंजेक्टर २५० अंशाच्या आसपास तापलेला. ९५४ वजनाचं, ओएच गटांनी भरलेलं चेब्युलॅजिक अ‍ॅसिड तिथे वाफ होत नाही, जळून फुटतं. म्हणजे हिरड्याचा हिरडेपणा ज्यात आहे तोच माल मशीनच्या दारात राख झाला आणि रिपोर्टमध्ये आली बाकीची गर्दी. तुझ्या यादीत १,२,३-बेंझीनट्रायॉल सगळ्यात मोठा पीक (ग्राफवरचा सुळका) आहे ना? तो पायरोगॅलॉल. गॅलिक अ‍ॅसिड तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडून पायरोगॅलॉल होतं, म्हणजे तो बराचसा तुझ्या इंजेक्टरमध्ये जन्मलेला आहे. पाच-हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल? ती साखर तापून झालेली, जवळजवळ प्रत्येक फळाच्या अर्कात निघते. हेक्झाडेकॅनॉइक अ‍ॅसिड म्हणजे पामिटिक, ते तर चकलीच्या तेलात पण सापडेल. आणि ती लांबलचक थॅलेटची नावं, त्याचं मास स्पेक्ट्रम उघडून बघ, १४९ चा उभा खांब दिसेल, ते प्लास्टिक मऊ करायचं रसायन आहे, तुझ्या ट्यूबमधून, ड्रॉपरमधून किंवा सॉल्व्हंटच्या कॅनमधून आलेलं. २०७ आणि २८१ दिसले तर ते कॉलममधून सुटलेलं सिलिकॉन. आम्ही एकदा थॅलेटला 'अँटीमायक्रोबियल घटक' म्हणून टेबलात सन्मानाने बसवलं होतं, परीक्षकांनी फक्त विचारलं, 'हे झाडाला कुठून मिळालं?' मी आजही ते आठवून खाली बघते.

मशीनच्या लायब्ररीला (ज्ञात रसायनांच्या स्पेक्ट्रमच्या संग्रहाला) 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हे लक्षात ठेव. कुठलाही पीक दे, ती कुणाचं तरी नाव पुढे करणारच, जुळणी कितीही ढिसाळ असो. आणि एरिया पर्सेंट म्हणजे अर्कातले टक्के नव्हेत, जे उडालं त्यातले टक्के. तेव्हा टेबल लहान कर, ज्यांची जुळणी चांगली आहे आणि जे झाडाचं असू शकतं तेवढंच ठेव, पायरोगॅलॉलपुढे 'उष्णतेने झालेलं असण्याची शक्यता' लिही, थॅलेट आणि सिलॉक्सेन (ते कॉलमचं सिलिकॉन) काढून टाकल्याचं एका ओळीत सांग. ओवा, तुळस, निलगिरी यांच्या तेलाला हेच मशीन राजा आहे, हिरड्याला नाही.

हिरड्यासाठी पैसे आणि वेळ एकाच गोष्टीवर घालायचे तर एचपीटीएलसी (प्लेटवर घटक वेगळे करायची टीएलसी, पण जास्त अचूक). सिलिका प्लेट, टोल्युइन, इथाइल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक अ‍ॅसिड, मिथेनॉल ३:३:०.८:०.२, शेजारी गॅलिक आणि एलॅजिकचे स्टँडर्ड, यूव्हीखाली फोटो. एचपीटीएलसी नसेल तर साधी टीएलसी प्लेट कात्रीने कापून जारमध्ये चालव. मग प्लेट नीट वाळव, फॉर्मिकचा वास जाईपर्यंत, आणि तिच्यावर डीपीपीएचचा फवारा मार. सगळी प्लेट जांभळी होते, आणि जिथे जिथे अँटिऑक्सिडंट बसलंय तिथे बघता बघता पिवळे डाग उमटतात. मोठे टॅनिन या सिस्टिममध्ये खालीच बसून राहतात, तिथे पिवळं पसरलेलं दिसेल, वर गॅलिकच्या रांगेत स्पष्ट गोल डाग. फोटो लगेच काढ, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तीस मिनिटं, कारण नंतर सगळीच प्लेट फिकट होत जाते. 'काय आहे' आणि 'काय काम करतं' हे दोन्ही एका फोटोत येतं, आणि खर्च एका प्लेटचा. एचपीएलसी मिळालं तर सी-१८ कॉलम, आम्लयुक्त पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, २७० ते २८० नॅनोमीटर, आणि निदान गॅलिक-एलॅजिक आकड्यात दे.

कन्क्लूजनमध्ये 'कॅन्सर, मधुमेह, वार्धक्य यांवर उपयुक्त' हे वाक्य असेल तर खोड. ट्यूबमधला आकडा शरीरात तसा चालत नाही, एलॅजिकचं मोठ्या आतड्यातले जंतू युरोलिथिन बनवतात आणि रक्तात जातं ते मुख्यतः तेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक नावाच्या टेस्टची खाद्यपदार्थांची मोठी यादी ठेवली होती, ती २०१२ मध्ये काढून टाकली, कारण पूरक आहार विकणारे ते आकडे पाकिटावर छापायला लागले होते आणि ट्यूबमधल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता. 'ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी (म्हणजे हिरडा)' प्रस्तावनेत घालायला हरकत नाही, सगळेच घालतात.

शेवटचं, हिरडा काष्ठौषधीच्या दुकानातून आणला म्हणालीस. अख्खी फळं आणली होतीस की चूर्ण, ते लिहिलं नाहीस. चूर्ण असेल तर अवघड आहे. फळं असतील आणि त्यातली मूठभर उरली असतील तर आजच एका काचेच्या बरणीत घाल, आत दुकानाची पावती आणि तारखेची चिठ्ठी टाक, आणि दोन-चार फळं आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवायला दे. पुण्यातच आहेस, जाऊन ये. गुळवेल, अशोकाची साल यात भेसळ जास्त चालते, हिरड्यात तेवढी नाही, पण व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले की पहिला प्रश्न आयसी-५० चा नसतो, 'हा हिरडाच कशावरून?' हा असतो, आणि तेव्हा बरणी टेबलावर ठेवता आली पाहिजे.